राब न भाजलेली नाचणी

पोलादपूरला मी एसटीत बसले तेव्हा मांडीवर बियाण्याचं मडकं होतं. हे आधीच वारलेले. मुलाला अंदमानात जेटीवर नोकरी लागली, मग गावात एकटीनं काय करायचं म्हणून मीही निघाले. धाकटी जाऊ खिडकीखाली उभी होती. आमचं बरोबरीचं वय, अगं-तुगं चालायचं. म्हणते कशी, "काळ्या पाण्यावर चाललीस, गुन्हा काय केलास गो बाय?" सगळे हसले, मीही हसले. मग तिनंच पदरानं डोळे पुसले. "मडकं सांभाळ. आयचं बी हाय तुझ्या त्यात."

होतंच. माझी आई दरवर्षी नाचणीची चांगली कणसं निवडायची, बी राखेत घोळून ठेवायची. तेच मी सासरी आणलं, आणि तेच पुढं चेन्नईच्या जहाजातून बेटावर नेलं.

तुम्हा गाववाल्यांना वाटत असेल, बेट म्हणजे नारळ आणि मासे, चंगळ आहे म्हातारीची. पण कांदा, बटाटा, डाळ सगळं मेनलँडवरून येतं. समुद्र खवळला की जहाज बंद, आणि बाजारात रिकामी क्रेटं. आपल्याकडं कशेडी घाटात दरड आली तर रस्ता बंद होतो, पण परसात पडवळ तरी असतं. इथं परसात सुपारी. शेवटी शाळेमागची पडीक उतरण आम्हा बायकांच्या गटानं मागून घेतली. बंगाली, तमिळ, रांचीकडच्या, आणि मी एकटी पोलादपूरची. ठरलं एवढंच, जहाज नाही आलं तरी बेटावरची चूल पेटली पाहिजे. मी छातीवर हात ठेवून सांगितलं, नाचणी माझ्याकडं लागली.

मग मी केलं काय, तर जे आपल्यातलं कुणीही करेल ते. पाऊस यायच्या आधी शेण, पालापाचोळा, झावळ्या रचून पेटवल्या, रोपांसाठी राब भाजला. शेजारची मिनती पाण्याची बादली घेऊन धावत आली, "दीदी, पागल हो गया क्या?" मी म्हटलं, थांब गं बाई, असंच असतं. माझे बाबा म्हणायचे, "भाजल्याबिगर नाचणी उभी रहात नाय." त्या काळ्या वाफ्यात बी पेरलं. दुसऱ्या दिवशी असा पाऊस आला की वाफा, राख, बी, सगळं उतरणीवरून थेट समुद्रात. पाण्यात काळा पट्टा दिसत होता दूरवर.

"तुम्हारा नाचनी मछली खा गया," मिनती म्हणाली. मला काही हसू आलं नाही. मडक्याच्या तळाशी ओंजळभर उरलं होतं.

जावेला फोन केला, थोडं बी पाठव म्हणून. ती म्हणाली, "कुठलं बी गो? नाचणी लावायचीच बंद केली आम्ही. पोरं एमआयडीसीत शिफ्टला जातात, डोंगरावर चढणार कोण?"

म्हणजे आईचं बी जगात तेवढंच. पेरलं आणि गेलं तर संपलं. ठेवून दिलं तर मडक्यातच मरायचं. वर्षभर मी ते नुसतं बघत राहिले. मिनती मात्र एकच सांगत राहिली, "मिट्टी को नंगा मत करो, दीदी." शेवटी तिचं ऐकलं. उतरणीला आडवे नारळाचे ओंडके टाकले, वाफ्याभोवती पाला पसरला, आणि न भाजताच पेरलं. बाबांची मनातल्या मनात माफी मागितली. रोज पहाटे मुठीएवढाल्या गोगलगायी वेचून डब्यात टाकायच्या, हेच माझं काम. कणसं धरली. आता जहाज चुकलं तर गटाच्या चार घरी भाकरी होते. मिनतीची अजून तुटते. म्हणते, पीठपण तुझ्यासारखंच हट्टी आहे.

पण खरं सांगू? वैशाख आला की नाक आपोआप वर होतं. आपल्या डोंगराला राबाचा धूर लागायचा, लुगड्यालासुद्धा वास यायचा. इथं नुसता खारा वारा.

या वैशाखात गावी गेले. चार दिवस वास शोधला. हायवेवरच्या ट्रकचा धूर, दुसरं काही नाही. मी नेलेली बियांची पुडी जावेनं देवापाशी ठेवली, म्हणाली, "बघू." दीर माझी घालमेल बघत होते. म्हणाले, "वहिनी, परसात एक वाफा भाजू? वासापुरता?"

"नको भावजी," मी पटकन म्हणाले, "माती वाहून जाईल."

"कुठं जाईल? खाली आपलंच शेत हाय."

खाली आपलं शेत असतं, हेच विसरून गेले होते मी. भाजा म्हटलं. धूर विझेपर्यंत तिथंच बसून राहिले.

आता घर कुठलं म्हणून कुणी विचारलं तर एक नाव तोंडात येत नाही. जिथली गेलेली माती खाली आपल्याच शेतात सापडते ते एक. आणि जिथली गेली तर परत मिळत नाही, म्हणून मी ती पाल्यानं झाकून ठेवते, ते दुसरं. त्या भाजलेल्या वाफ्यात जावेनं पुडीतली नाचणी पेरली का, हे अजून फोनवर विचारलेलं नाही. नाही म्हणाली तर?