नेस्टरचे साठ चपटे हंस

नेस्टर हावरिशचा गुडघा बदलला त्या वर्षी त्याच्या बायकोने, स्टेफाने, निक्षून सांगितलं की आता शिकार पुरे. रेजायना शहरात लेकीच्या शेजारचं घर रिकामं झालंय, तिकडे जाऊन राहू. नेस्टरने हुज्जत घातली नाही. या ऑक्टोबरात मी एकट्याने शेतात जाऊन हंस मारून आणले तर इथलं घर विकायचं नाही, नाही जमलं तर सामान बांधू, एवढंच तो म्हणाला. स्टेफा लगेच कबूल झाली, कारण हे त्याला जमणार नाही याची तिला खात्री होती.

खात्री मलाही होती. मी टारस, त्याचा चाळीस वर्षांपासूनचा शिकारीतला जोडीदार. त्याची हयात गावच्या धान्याच्या कोठारात वजनकाट्यावर गेली, माझी शाळेची बस चालवण्यात. पण दर ऑक्टोबरात आम्ही दोघं कापलेल्या गव्हाच्या धसकटांत उताणे पडून आकाशाकडे डोळे लावायचो. इथे माणसाची ओळख तेवढीच पुरते.

रानहंस खाली उतरवायचे तर त्यांना खाली आधीच हंस चरताना दिसावे लागतात. आमच्याकडे पूर्ण अंगाचे चार डझन नकली हंस होते, अगदी हुबेहूब. पण ते न्यायला पिकअप लागायची, आणि त्या साली पावसाने रानं नुसती लिबलिबीत झाली होती. आमच्याकडे एखाद्याच्या सासूला नावं ठेवलेली खपतात, त्याच्या ओल्या शेतात चाकाच्या खुणा उमटवलेल्या खपत नाहीत. म्हणजे अर्धा मैल पायी जाणं आलं. आणि डॉक्टरने दहा किलोच्या वर काही उचलायला बंदी केलेली.

मग नेस्टर निवडीला लागला. तीन प्रकारचे हंस त्याने बटाट्याच्या वाफ्यापलीकडे मांडले आणि स्वतः कोठाराच्या गच्चीवरून दुर्बीण लावून बघत बसला. मी खाली, तो हात करील तसे ते फिरवत होतो. गावातले लोक थांबून बघत होते आणि मला मेल्याहून मेल्यासारखं होत होतं. कापडी पिशव्यांचे हंस वाऱ्यावर झकास डुलायचे, पण वारा पडला की वाळत घातलेल्या मोज्यांसारखे लोंबायचे. अर्ध्या अंगाचे एकात एक बसायचे, पण डझनभरातच दहा किलो भरायचे. राहिले चपटे, पातळ प्लास्टिकच्या पत्र्यावर दोन्ही बाजूंनी हंसाचा फोटो छापलेले. साठ हंस एका पिशवीत, वजन नऊ किलो.

"हे हंस नाहीत, पोस्टरं आहेत," मी म्हणालो. "समोरून बघितलं तर दिसतसुद्धा नाहीत."

"तीच तर गंमत आहे," नेस्टर म्हणाला. "वर घिरट्या घालणाऱ्याला एक दिसेनासा होतो आणि दुसरा दिसायला लागतो. त्याला वाटतं, चाललेत, फिरतायत. तुला नाही कळायचं, तू बसवाला."

एकेका हंसाची चकाकी त्याने तारेच्या घासणीने घालवली, वर शेतातली धूळ चोळली. साठातल्या चौपन्नांच्या माना खाली, चरणाऱ्या. पहारा करणारे फक्त सहा. पोट भरत असेल तिथे कोण वर बघतो, असं त्याचं म्हणणं. कॉफीच्या टेबलावर चारचौघांत मी म्हणालो, की त्याच्या पोस्टरांवर आंधळा हंसही बसणार नाही. तो उठून गेला. आठवडाभर आम्ही बोललो नाही.

शनिवारी तो फ्रीझन नावाच्या शेतकऱ्याच्या उत्तरेकडच्या शेतात जाणार हे गावाला माहीत होतं. मी मुद्दाम दक्षिणेला गेलो. साडेसातच्या सुमाराला खडीच्या रस्त्यावरून बघतो तर फ्रीझनच्याच खालच्या शेतात भरगच्च कळप चरत होता. माना खाली, दोनचार वर, हळूहळू सरकणारा. वरून वीसेक हंस पाय सोडून त्यांच्यातच उतरत होते. पिकअप कुठे नाही, चिखलात चाकाची खूण नाही. शेतात कुणी असेल तर फाटकाच्या खांबाला लाल टोपी टांगायची, असा आमचा नेम. फाटक पलीकडच्या अंगाला होतं आणि तिकडे जायला मला पाच मिनिटं लागली असती. मी गेलो नाही. ज्यासाठी मी आयुष्यभर पोरांना शिव्या दिल्या तेच केलं. चरातून सरपटत गेलो आणि चाळीस पावलांवरून, बसलेल्या कळपावर, बार टाकला.

वरचे वीस ओरडत उधळले. खालचा एकही उडाला नाही.

मला काही कळेचना. मी बंदूक धरून तसाच उभा. एक हंस आडवा पडला होता, आणि तो पत्र्याइतका पातळ होता. मग कळपाच्या मधोमध, शिकारी अंगावर ओढून लपतो ती गवताची चादर हलली आणि एक हात वर आला. मी धावत होतो की पडत होतो ते आजही सांगता येणार नाही.

नेस्टरचा डावा गाल आणि कान रक्ताने भरला होता. उत्तरेचं शेत पाण्याखाली गेलं म्हणून फ्रीझनने त्याला पहाटे इकडे पाठवलं होतं. माझ्याकडे बघून त्याने पहिली गोष्ट विचारली ती ही.

"कोणत्यावर धरली होतीस?"

"कडेचा," मी कसाबसा म्हणालो. "मान वर केलेला."

तो चक्क हसला. त्या हसण्याने मी बारापेक्षा जास्त हादरलो.

इस्पितळात त्याच्या गालातून पाच छर्रे काढले. एक डोळ्याच्या खाली नखभर अंतरावर होता. नेस्टरने सगळ्यांना एकच सांगितलं, की रस्त्यावरून कुणीतरी बार टाकून पळालं आणि टारसने मला पाठीवर घालून आणलं. स्टेफा धावत आली ती माझ्याच गळ्यात पडून रडली. मग डोळे पुसून नवऱ्याला म्हणाली, की घर नाही विकायचं, हवं तर जा शेतात, पण या टारसशिवाय पाऊल टाकायचं नाही. नेस्टरने माझ्याकडे असं बघितलं की जणू लाखाची लॉटरी लागली.

मला गप्प बसता आलं असतं. पण तिचे हात अजून माझ्या हातात होते.

"स्टेफा, बार मीच टाकला," मी म्हणालो.

तिने हात सोडवून घेतले. लेकीला फोन करायला बाहेर गेली. नेस्टर पट्ट्यांतून माझ्याकडे बघत राहिला.

"तुझे छर्रे चालले असते मला," तो म्हणाला. "हे कशाला बोललास?"

बर्फ पडायच्या आत त्यांचं घर विकलं गेलं.