डेट्रॉइटला गेलेला रॅन्स टार्व्हर

ओझेला टार्व्हरच्या पोटात दुखायला लागलं, की गावाने ओळखावं: लुव्हिनिया स्टोक्सच्या घरी काहीतरी चांगलं घडलंय. लुव्हिनियाने ईस्टरला जांभळी टोपी घेतली, तर ओझेला मेकन शहरापर्यंत गाडी हाकत गेली आणि असली टोपी घेऊन आली, की चर्चमध्ये तिच्या मागच्या बाकावरच्यांना पाळक दिसेनात. लुव्हिनियाच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, सगळ्या बायका डबे घेऊन तिच्याकडे धावल्या, तर त्याच आठवड्यात ओझेला लंगडायला लागली. कुठला पाय ते मात्र तिच्या नीट लक्षात राहायचं नाही.

तशी बाई वाईट नव्हती हो. घराच्या पुढच्या खोलीत तिचं केसांचं दुकान होतं आणि गावातल्या निम्म्या बायकांची डोकी तिच्या हाताखालून गेली होती. नवऱ्या मुली, नातवंडांच्या बारशाला निघालेल्या आज्या, सगळ्या तिच्याच खुर्चीत बसायच्या. मेलेल्या बाईचेही केस शेवटचे विंचरायचे तर ओझेलानेच, असा रिवाज होता. फक्त लुव्हिनिया कधी आली नाही. ती पलीकडच्या गावी जाऊन केस करून घ्यायची आणि परत येताना मुद्दाम ओझेलाच्या दारावरून डोकं उंच करून जायची. ओझेला हातातला केस सरळ करायचा गरम कंगवा तसाच धरून खिडकीतून बघायची. खुर्चीतली बाई ओरडायची, "अगं कान! माझा कान भाजतोय!"

त्या वर्षी इथे दक्षिणेत, जॉर्जियात वसंत लवकर आला आणि चर्चमध्ये पाळक बून यांनी जाहीर केलं, की ओढ्याच्या पुलाजवळ स्मृतिफलक बसणार. शंभर वर्षांपूर्वी जिथे गोऱ्यांच्या जमावाने एका काळ्या माणसाला, एमॉस स्टोक्सला, फासावर लटकवलं, तिथे. फलकावर त्याचं नाव, आणि त्याआधी एक शनिवार ठरवून तिथली माती खणायची, काचेच्या बरणीत भरायची, बरणीवर नाव घालायचं. ती बरणी मोठ्या शहरातल्या संग्रहालयात जाणार, असंच मारलेल्यांच्या नावाच्या शेकडो बरण्यांच्या शेजारी. घराण्यातल्या सर्वांत वडीलधाऱ्या माणसाने पहिलं खुरपं मारायचं. एमॉसच्या घराण्यात वडीलधारी कोण? त्याची नात, लुव्हिनिया.

झालं! वर्तमानपत्रात लुव्हिनियाचा फोटो आला. चर्चमध्ये तिची जागा पहिल्या बाकावर गेली. कॉलेजातली पोरं कॅमेरे घेऊन तिच्या ओसरीवर बसू लागली आणि ती त्यांना पीच फळांचा गोड कॉबलर खिलवत आजोबांच्या गोष्टी सांगू लागली, ज्या आजोबांना तिने बघितलंही नव्हतं. ओझेलाच्या अंगाचा तिळपापड झाला. आता टोपीवरून माणूस जळतं, हे समजू शकतं. गुडघ्यावरूनही, चला, समजून घेऊ. पण कुणी कुणाच्या फासावर गेलेल्या आजोबांवरून जळतं का? ओझेला जळत होती. रात्रंदिवस जळत होती.

कारण तिचेही आजोबा होते, आणि गावाच्या लेखी ते पळपुटे होते.

रॅन्स टार्व्हर. तेव्हा आपले कितीतरी काळे लोक जायचे तसा बायकोपोरं टाकून उत्तरेला डेट्रॉइटला गेला, गाड्यांच्या कारखान्यात लागला आणि तिकडेच दुसरा घरोबा केला, असं सगळं गाव धरून चाललं होतं. धरून का नाही चालणार? त्याची बायको कॅली स्वतःच दर शनिवारी गोऱ्याच्या दुकानासमोर उभी राहून ठणाणा करायची, "मेला पळाला डेट्रॉइटला! पोरं माझ्या गळ्यात घालून गेला! सापडू दे एकदा, टाळकं फोडते की नाही बघा!" दुकानातले गोरे हसायचे. आपल्या बायका चुकचुकायच्या. आणि शाळेत छोटी लुव्हिनिया छोट्या ओझेलाला चिडवायची, "तुझा आजा पळपुटा! माझ्या आजाला मारलं, तुझा आजा पळाला!" ओझेलाने एकदा तिची वेणी धरून तिला डबक्यात लोळवलं होतं. तिथून जे सुरू झालं ते संपलंच नाही.

खरं काय ते ओझेलाला आजी कॅलीने सांगितलं, शेवटच्या आजारपणात, दोघी वाटाणे सोलत बसल्या होत्या तेव्हा. शेंग सोलावी तितक्या सहज सांगितलं. कापसाचं वजन खोटं आहे असं एमॉस गोऱ्या दुकानदाराच्या तोंडावर बोलला, म्हणून जमाव त्याच्यामागे लागला. रॅन्स त्याचा जिवलग. मध्ये पडायला पुलावर गेला. दोघांनाही एकाच फांदीला टांगलं. वर्तमानपत्रात एकाचंच नाव आलं, कारण एकाच्याच नावाने आरोळी उठली होती, दुसरा नुसता वाटेत आला होता. पहाटे कॅली आणि तिचा भाऊ गेले. ओढ्याच्या खालच्या अंगाला, वेताच्या बेटात त्यांनी रॅन्सला पुरलं. दुपारी दोन गोरे दारात आले. म्हणाले, "कॅली, तुझा नवरा कुठे गेला गं?" अंगणात तिची तीन पोरं खेळत होती. कॅली म्हणाली, "डेट्रॉइटला."

"हसले ते," आजी म्हणाली. "मग मी दर शनिवारी त्यांना ऐकवायची. त्यांना कळू दे, माझं तोंड शिवलेलं आहे. माझी पोरं वाचली ना गं? तुझा बाप वाचला ना?"

"पण आजी, सगळं गाव त्यांना पळपुटा म्हणतं!"

"म्हणू दे. आणि तूही बोलायचं नाही. त्यांची पोरंबाळं अजून याच गावात आहेत."

ओझेला बोलली नाही. आजी गेली, बाप गेला, त्या गोऱ्यांची पोरंसुद्धा म्हातारी होऊन मेली. तरी ती बोलली नाही. आधी भीती होती. मग सवय झाली. आणि मग, खरं सांगायचं तर, सांगून करायचं काय? कुणी विचारतच नव्हतं. आता विचारत होते, पण लुव्हिनियाला.

मातीच्या शनिवाराआधी चर्चच्या तळघरात सभा भरली. जेवणं झाली, तळलेली कोंबडी आणि कॉलर्डची पालेभाजी संपली, आणि बून पाळक कार्यक्रम वाचायला उभे राहिले. तरुण माणूस, सगळ्या म्हाताऱ्यांशी अदबीने वागणारा. तेवढ्यात ओझेला उभी राहिली.

"तिथे दोघं मेले," ती म्हणाली.

"काय म्हणालात, मिस ओझेला?"

"एक नाही, दोघं. एमॉस स्टोक्स आणि रॅन्स टार्व्हर. माझे आजोबा. डेट्रॉइट-बिट्रॉइट सगळं खोटं. माझीही बरणी पाहिजे."

 ते 'माझीही बरणी' तिने म्हणायला नको होतं. मागून कुणीतरी खुदकन हसलं आणि मग कॉफी ओतणारी जाडी बर्डी बोलली, "अगं बाई, तिने टोपी घेतली की तुला टोपी. तिचा गुडघा दुखला की तुझा गुडघा. आता तिचा आजा फासावर गेला, तर तुलाही लगेच एक हवा?"

सगळे हसले. नको नको म्हणत, तोंडावर रुमाल धरत, पण हसले. मी म्हणते, त्यांना तरी का दोष द्यावा? आयुष्यभर जिने दुसरीचं बघून मागितलं, ती पहिल्यांदा स्वतःचं मागते आहे हे त्यांना कसं कळावं?  ओझेलाने आजीचं सगळं सांगितलं, घाईघाईने, उलटसुलट, दोनदा चुकून एमॉसच्या जागी रॅन्स म्हणत. जितकं सांगावं तितकं ते खोटं वाटत गेलं.

पाळक हळूच म्हणाले, "मिस ओझेला, मी नाही म्हणत नाही. पण कागदोपत्री एकच नाव आहे. दुसऱ्या कुणी काही ऐकलेलं असेल तर... मिस लुव्हिनिया, तुमच्या घरी कधी काही बोलणं?"

लुव्हिनिया ताटलीतल्या केकचा तुकडा काट्याने बारीक करत होती. मान वर न करता म्हणाली, "रॅन्स टार्व्हर डेट्रॉइटला गेला. सगळ्यांना ठाऊक आहे."

ओझेलाने पर्स उचलली आणि जिना चढून निघून गेली. त्या दिवशी ती दोन्ही पायांनी अगदी सरळ चालत होती.

शुक्रवारी दुपारी तिने दुकान लवकर बंद करायला घेतलं, तर दारात लुव्हिनिया. डोक्याला रुमाल गुंडाळलेला.

"उद्यासाठी केस करून हवेत," लुव्हिनिया म्हणाली.

"जा की तुझ्या त्या पलीकडच्या गावी."

"ती आजारी आहे."

"मग मी काय करू? वर्तमानपत्रवाल्यांना सांग विंचरायला."

लुव्हिनिया येऊन खुर्चीत बसली. ओझेलाने तोंडाने बडबड करत शेगडी पेटवली, कंगवा तापवायला ठेवला आणि रुमाल सोडला. लुव्हिनियाचे केस विरळ झाले होते, मागच्या बाजूला तर कातडी दिसत होती. एवढ्या वर्षांत ओझेलाने ते डोकं टोपीशिवाय जवळून पाहिलं नव्हतं. ती तेल लावू लागली.

तेल लावून होत आलं तेव्हा लुव्हिनिया म्हणाली, "माझ्या आजीने दोघांचं ओरडणं ऐकलं होतं."

ओझेलाने तेलाची वाटी खाली ठेवली.

"ती मक्याच्या शेतात लपली होती. एक आवाज आमच्या आजोबांचा. दुसरा कुणाचा ते तिला माहीत होतं, पण तिने नाव कधी घेतलं नाही. मी लहान असताना तिने सांगितलं मला."

"आणि तू सभेत सगळ्यांसमोर..." ओझेलाने आरशात तिच्याकडे पाहिलं. "शाळेतसुद्धा! मेल्ये, शाळेतसुद्धा तुला ठाऊक होतं?"

"होतं."

"मग मला पळपुट्याची नात का म्हणायचीस?"

"कारण तो पळालेला मला हवा होता!" लुव्हिनिया आरशातूनच तिच्यावर ओरडली. "तुला काय कळणार गं? माझा आजा झाडाला लटकलेला. झोपताना डोळे मिटले की लटकलेला. आणि तुझा डेट्रॉइटला! मी त्याच्या अंगावर जाड कोट घालायची, त्याला गाडीत बसवायची. तो तिकडे लठ्ठ झाला असेल, एखादी देखणी बाई त्याला भुलली असेल, असं मनात रंगवत बसायची. तुझ्यावर मी काय जळले आहे म्हणून सांगू, ओझेला! तुला चिडवलं की वाटायचं, खरंच पळाला तो. आजीने ऐकलं ते चुकीचं. दोघांतला एक तरी या गोऱ्यांच्या हातून सुटला."

शेगडीवरचा कंगवा लाल व्हायला आला होता. ओझेलाने तो बाजूला ठेवला. सत्तर वर्षं जिच्यावर आपण जळलो, ती बाई आपल्यावर जळत होती. ही बातमी खरं तर तिला गोड लागायला हवी होती. लागलीही, क्षणभर. नाही कशाला म्हणा.

"उद्या तू म्हणशील तसं मी बोलेन," लुव्हिनिया म्हणाली. "पण विचार कर. आता लोकांच्या लेखी तो कुठेतरी म्हातारा होऊन अंथरुणात मेलेला आहे. एकदा नाव घेतलंस की तोही झाडालाच."

ओझेलाने कंगवा पुन्हा उचलला. तिने केस पुरे केले, सुंदर केले, विरळ जागा झाकून केले. वर म्हणाली, "पैसे ठेव तिथे. फुकट नाही करत मी कुणाचं."

शनिवारी सकाळी ओढ्याच्या काठी सगळं गाव जमलं. तांबडी माती रात्रीच्या दवाने ओली होती. पाळकांनी प्रार्थना केली, लोक नुसतेच गुणगुणू लागले. लुव्हिनिया जड गुडघ्याने खाली वाकली, पहिलं खुरपं मारलं आणि स्पष्ट म्हणाली, "एमॉस स्टोक्स." सगळ्यांनी नाव पुन्हा म्हटलं. एकेकाने मूठमूठ माती टाकली. बरणी भरली. लुव्हिनियाचे डोळे कोरडे होते.

मग तिने पिशवीतून दुसरी बरणी काढली, रिकामी, धुतलेली. म्हणाली, "पाळकसाहेब, त्या दिवशी मी खोटं बोलले. इथे दोघं होते. माझ्या आजीने ऐकलंय." बर्डीने तोंडावर हात ठेवला. लुव्हिनियाने खुरपं ओझेलाच्या दिशेने धरलं आणि तशीच उभी राहिली. अजूनही नाही म्हणता येईल, असं तिच्या नजरेत होतं.

ओझेला सगळ्यांच्या मागे उभी होती. हेच तर तिला हवं होतं: सगळ्यांचे डोळे, बरणी, आजोबांचं नाव. पण पाय उचलेना. रात्रभर तिच्याही डोळ्यांपुढे तो जाड कोटातला म्हातारा येत राहिला होता. आजी दुकानापुढे शिव्या द्यायची, तोच माणूस. खोटा असेल, पण लहानपणी तिचाही तोच आजा होता. एखाद्या दिवशी गाडीतून उतरेल आणि लुव्हिनियाचं नाक कापेल, म्हणून तिनेही फाटकात उभं राहून त्याची वाट पाहिली होती. आता त्याला तिनेच मारायचं?

आणि इथे ओल्या मातीत जो पडून आहे, त्याचं काय? त्याची वाट कुणी पाहिली?

ती पुढे झाली. खुरपं घेतलं. गुडघे टेकले, दोन्ही.

"रॅन्स टार्व्हर," ती म्हणाली. "तो कुठेही गेला नव्हता."

"रॅन्स टार्व्हर," गाव म्हणालं.

त्याबरोबर लुव्हिनिया रडायला लागली. हुंदका नाही, हंबरडा. स्वतःच्या आजोबांच्या बरणीपाशी जिचे डोळे ओले झाले नव्हते, ती बाई टार्व्हरांच्या मातीत हात रोवून, दुकानदाराच्या खोट्या तराजूला आणि त्या पुलाला शिव्या देत रडत राहिली. बायकांनी तिला दोन्ही बाजूंनी धरलं. ओझेलाला मात्र काही केल्या रडू येईना. ती बरणी पोटाशी धरून लुव्हिनियाकडे बघत राहिली, आणि टोपीचा, गुडघ्याचा, फोटोचा कधी वाटला नव्हता इतका हेवा तिला तिच्या त्या रडण्याचा वाटला.