डॉक्टरीणबाई गेल्या

काटेवाल्यांचा कुणावर म्हणून विश्वास नव्हता. जन्म गेला वजनकाट्यावर मालाचे ट्रक तोलण्यात. ड्रायव्हर गोड बोलला, की हे आधी वाकून बघणार, मागचं चाक काट्याबाहेर तर नाही ना! घरी बायकोने न मागता चहा पुढे केला तरी विचारणार, "काय फोडलंस?" संशयाला औषध नाही म्हणतात ते काही खोटं नाही.

ट्रक नसला की केबिनमध्ये बसून ते अंतराळयानाच्या कादंबऱ्या वाचत. एकच मालिका, वर्षानुवर्षं चाललेली. नवा भाग आला की एका साप्ताहिकात त्याचं परीक्षण लिहीत आणि लेखकालाही काट्यावर घेत. यानावरची डॉक्टरीणबाई मात्र त्यांची भारी लाडकी. मागच्या भागाच्या शेवटी ती दुसऱ्या यानावर कामाला निघाली, तेव्हा यांनी हळहळून लिहिलं होतं, "डॉक्टरीणबाई गेल्या आणि यान ओकंबोकं झालं."

आता नवा भाग उघडला, तर पहिल्याच पानावर बाईंची शोकसभा!

"अरे, पण ही मेली कधी?" काटेवाले एकटेच ओरडले. मागचा भाग काढून पाहिला, बाई ठणठणीत. मग स्वतःचं परीक्षण आठवलं आणि डोक्यात लख्ख उजेड पडला. 'गेल्या' शब्दाचा कुणीतरी भलताच अर्थ घेतला होता. म्हणजे हा गडी मागची पुस्तकं उघडतच नाही, यांचं परीक्षण वाचून पुढचं रेटतो!

"हा खरा लेखक नव्हेच," ते बायकोला म्हणाले. "कुणीतरी भाडोत्री बसवलाय. लेखकाच्या घरी जाऊन बघतो, नि साप्ताहिकात पितळ उघडं पाडतो."

"जा, पण तोंड सांभाळा," ती म्हणाली.

दार लेखकाच्या मुलीने उघडलं. आत खिडकीशी लेखक स्वतः लिहीत बसले होते. काटेवाल्यांनी आपलं नाव आणि येण्याचं कारण सांगितलं, पण जरा वरमूनच.

"लिहितात तेच," मुलगी हळूच म्हणाली. "पण मागचं आठवत नाही. तुमचं परीक्षण वाचून दाखवते, मग गाडी पुढे सरकते. छापू नका हो, लोक हसतील त्यांना."

काटेवाल्यांचा राग ओसरला. पण चूक दिसली की गप्प बसतील तर ते काटेवाले कसले! तरातरा खिडकीशी गेले. "साहेब, डॉक्टरीणबाई मेल्या नाहीत. नुसत्या गेल्यात. येतील परत."

मुलगी मागून हाताने नको नको करत होती. लेखकांचा चेहरा मात्र उजळला. "मेली नाही? मग ही पोरगी मला काय सांगत होती? बाळे, ऐकलंस? आई येणार आहे!"

काटेवाले मुलीकडे वळले. "आई?"

"आमची आई दवाखाना चालवायची," मुलगी म्हणाली. "तिच्यावरूनच लिहिलीय ती डॉक्टरीण. आई वारली हे त्यांना पटतच नव्हतं. रोज दाराशी बसून वाट बघायचे. ती शोकसभा लिहिली, तेव्हा कुठे थांबले."

"अहो, मी... मला काय माहीत..." काटेवाले म्हणाले.

लेखकांनी पेनाला टोपण लावलं, खुर्ची ओढत दारापाशी नेली आणि तिकडे तोंड करून बसले.

"बाळे," ते म्हणाले, "मला तो इस्त्रीचा सदरा दे."

मुलगी डोळे पुसत कपाटाकडे गेली.