चांगल्या दाढांचं दुखणं

"सगळेच काढून टाका, डाक्टरसाब. एकेक काढून लय ताप झालाय."

म्हातारबा ताडकळसकडचे. मी दातांचा डॉक्टर, दवाखाना पूर्णा स्टेशनजवळ. त्या दिवशी नामांतरावरून बंद होता, एस.टी. नव्हती, म्हणून सुनेला बैलगाडीत घालून आणलेलं. सोबत तिच्या सासूबाई. त्यांच्या तोंडात एकही दात नाही. सून विशीची, कडेवर पोर.

म्हातारबांना बाहेर बसवलं, पोर सासूकडे देऊन सुनेला चेअरवर बसवलं. तोंड जेमतेम दोन बोटं उघडलं. आत पाहिलं आणि माझं डोकंच सणकलं. डाव्या बाजूच्या चार दाढा गायब! आठवडी बाजारात पक्कड घेऊन बसणाऱ्या एका इसमाने उपटलेल्या. उरलेल्या दातांवर टिचक्या मारल्या, एक्स-रे काढला. एकही किडका नाही. हिरड्याही ठणठणीत.

"दाढा काढल्यावर दुखायचं थांबलं?"

"न्हाई. मंग शेजारची ठणकायची. आता तर भाकर बी चावंना."

दाढ चांगली असून दुखते, तेव्हा जबड्याचे स्नायू तपासायचे. कानाच्या पुढं बोट ठेवून तोंड उघडा-मिटा, हलतो तो जबड्याचा सांधा. गालाच्या हाडापासून जबड्याच्या कोपऱ्यापर्यंत एक जाड स्नायू असतो, मॅसेटर. दात आवळले की टणक लागतो तो हाच. आत सांध्यापाशी आणखी एक स्नायू, जबडा पुढं ओढणारा. सांध्यातली गादीसारखी चकती त्यालाच जोडलेली. हे दोघे सतत ताणलेले राहिले की चकती सरकते, कट्ट वाजतं, तोंड उघडेनासं होतं. आणि कळ जाणवते ती दाढांत. मॅसेटर भलता लबाड, करतो स्वतः आणि नाव दाढेचं.

मी तिचा डावा मॅसेटर दाबला तशी ती कळवळली. "हीच! हीच कळ!"

स्नायू सुपारीसारखा कडक. पण ही बाई एवढं आवळते कशाला? झोपेत दात खाते का? नाही. सुपारी? तीही नाही.

एक्स-रे दाखवायला म्हातारबांना आत हाक मारली. ते दारात दिसताच ती धडपडत उठली. सासूकडचं पोर एका हातात घेतलं, दुसऱ्या हातात पिशवी. डोक्यावरचा पदर घसरला. तिने मान वाकडी केली, जबडा पुढं काढला आणि पदराचा काठ डाव्या सुळ्याखाली पकडला. गाल टरारून फुगला.

मी बघतच राहिलो. "दिवसभर असंच धरता?"

"मामंजी अंगणातच असत्यात. हातात घागर, न्हाईतर पोर. पदर पडू द्यावा कसा?"

मी म्हातारबांना सगळं समजावलं. ते उसळले. "पदरानं कुटं दाढ दुखतीया? हिच्या सासूचंबी असंच व्हतं. सगळे दात काढले तवाच थांबलं. इचारा तिला!"

सासूबाईंनी मान डोलावली. "खरं हाय. बोळकं झालं आन् कळ गेली."

मी विचारलं, "मावशी, दात गेल्यावर पदर कशात धरायचात?"

"कशात धरनार? हिरडीत टिकतंय व्हय? मंग तसाच कमरंला घट्ट खोचाया लागले..."

बोलता बोलता त्या थांबल्या. हात गालावर गेला.

"म्हंजी माझे दात चांगले व्हते?"

खोटं बोलायला जीभ वळेना. "असणार, मावशी."

मग सासूबाईंनी बांगडीतली पिन काढली, सुनेचा पदर केसांना टाचला आणि नवऱ्याकडे वळल्या. "तुमी भायेर बसा. आन् आजपास्नं घरात यायच्या आदी खाकरत जा."

म्हातारबा मुकाट्याने बाहेर गेले.

मी एकही दात काढला नाही. गरम शेक, मऊ भात, तोंड उघडायचा व्यायाम आणि पिन, एवढाच इलाज. महिन्या-दीड महिन्याने ती भाकर चावू लागली. सांध्यातला कट्ट आवाज मात्र राहिला.

दुखणं थांबलं म्हणजे इलाज बरोबर होता, असं नसतं. त्या घरात एवढं कळायला एक अख्खी बत्तीशी गेली होती.