फाटलेल्या आवाजाचा हिशोब

आमचे इलेक्ट्रॉनिक्सचे सर पोह्यांवर तर्री घेण्याआधीसुद्धा टपरीवाल्याला विचारत, "जास्तीत जास्त किती तिखट?" तो म्हणे, "खाऊन पाहा ना सायेब, मंग समजते." सर मग कोरडेच पोहे खात. प्रत्येक गोष्टीची कमाल मर्यादा आधी कळली पाहिजे, हा त्यांचा हट्ट. पोरं त्यांना 'मर्यादापुरुषोत्तम' म्हणायची. मी मौद्याकडच्या खेड्यातला, घरातून कॉलेजात आलेला पहिलाच. मी ते मनातल्या मनात म्हणायचो.

ट्रान्झिस्टर येऊनही सर व्हॉल्व्हचेच, म्हणजे त्या जुन्या काचेच्या नळ्यांचेच, अ‍ॅम्प्लिफायर बनवत. प्रत्येक व्हॉल्व्हचं छापील माहितीपत्रक त्यांच्याकडे असे. तो किती व्होल्ट सोसेल, किती तापेल, आवाज कुठून फाटू लागेल, याचे आलेख त्यात असत. मुलीसाठी आलेली पत्रिका बापाने पाहावी, तसे सर ते पाहत. "हे वचन नाही रे, धोक्याची पाटी आहे," म्हणत, आणि पाटीच्या बरंच अलीकडे थांबत.

गॅदरिंगला बबन गिटार वाजवणार होता. बबन कन्हानचा, माझ्याच खोलीत राहायचा. सरांनी त्याच्यासाठी अ‍ॅम्प्लिफायर बनवला. बबनने तार छेडली. आवाज इतका सोज्वळ, की त्याचं तोंडच उतरलं.

"सर, हे तर भजनाचं झालं. मले फाटका आवाज पायजे. थोडा फाडा ना!"

"फाडायला शिंप्याकडे जा."

"मंग मी वाजवतच नाही."

सर लालबुंद झाले. ज्या दोषापासून त्यांनी जन्मभर आवाज जपला, तोच हा पोरगा मागत होता. मी चाचरत म्हणालो, "सर, तो खरंच नाही वाजवणार. उन्हाळ्यापासून बोटं सोलून घेऊन राहिला." सर माहितीपत्रक उचलून निघून गेले.

गॅदरिंगच्या आदल्या दिवशी त्यांनी आम्हाला प्रयोगशाळेत बोलावलं. माहितीपत्रकातली आवाज फाटण्याची रेषा जिथे एकदम वर उसळत होती, तिथे त्यांचं बोट होतं. "इथवर मी कधी आलोच नव्हतो," ते म्हणाले. "व्होल्टेजची मर्यादा मोडणार नाही, व्हॉल्व्ह जळू देणार नाही. पण आधीच्या टप्प्यातच आवाज वाढवून त्याला इतकं रेटतो, की तो ओरडेल."

"ओरडू द्या ना सर, त्याले कोण मना करून राहिलं?" बबन म्हणाला.

दुसऱ्या दिवशी बबनने पहिलाच फटका मारला आणि मांडवात पत्र्याचं छप्पर फाटल्यासारखा आवाज झाला. पोरं बाकांवर चढली. प्राचार्य उठून ओरडले, "बंद करा! मशीन बिघडलं!" आणि तरातरा बटणाकडे निघाले. सर हात पसरून आडवे उभे राहिले. "बसा, सर. आवाज मी फाडलाय. हिशोब करून."

प्राचार्य बसले. बबन वाजवत राहिला.

पुढच्या वर्षी सर निवृत्त होऊन मुलीकडे रायपूरला निघाले. स्टेशनवर धीर करून मी विचारलं, "सर, तो आवाज तुम्हाला आवडला होता?"

"छे! भिकार होता," खिडकीतून सर म्हणाले. "पण बबन्याला तोच पाहिजे होता ना?"