साहेबांच्या पायाची सवय

नेरे गावातला आमचा मेकॅनिक माणसांशी बोलताना गाडीकडे बघतो. मला ते बरं वाटतं. मलाही कुणाच्या नजरेला नजर देणं जमत नाही. बाबा गेल्यापासून त्यांची जुनी, दांडग्या इंजिनाची सेडान मी चालवते. ती लिटरला जेमतेम पाच किलोमीटर देते, म्हणून आई ती विकायला निघाली आहे.

"लई पितीया," बॉनेट थोपटत तो म्हणाला. "प्लग, फिल्टर बदललं. पण ऑटोमॅटिक गियरचा कॉम्प्युटर चालवणाऱ्याचा पाय शिकतो; त्याला अजून साहेबांच्या जोरात दाबायच्या पायाची सवय हाय. ती पुसली की ॲव्हरेज सुधारंल. पुसू?"

मी नजर गाडीला जोडलेल्या त्याच्या लॅपटॉपकडे वळवली.

त्यानं लॅपटॉप मिटला आणि किल्ली माझ्यापुढे धरली. "आधी लवासाच्या घाटात एक चक्कर मारून या, ताई. मग बगू."

पहिल्याच चढाला गाडीनं बाबांसारखी घाई केली. मी तिला आवरलं नाही.