उजव्या बाजूचा तबला

आप्पांची गाडी माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी होती. गिअर स्टिअरिंगलाच, पुढची सीट सलग, आणि डॅशबोर्डात दोन गोल बटणांचा एक रेडिओ. त्याला स्पीकर एकच, काचेखाली मधोमध. गाडी सुरू असली की त्यातून बातम्यांपेक्षा घरघरच जास्त यायची, पण आप्पांना तिची सवय झाली होती. मराठवाड्यातल्या शेतकऱ्याच्या घरातून ते शिकायला हैदराबादला आले, उर्दूतून शिकले, सरकारी नोकरी केली आणि नारायणगुड्यात घर बांधून इथलेच झाले. घरात आम्ही मराठी बोलायचो, पण निम्मं दखनीत भिजलेलं. आईसुद्धा भाजीवाल्याला 'नक्को' म्हणायची आणि आम्हालाही.

माझा मोठा भाऊ कॉम्प्युटरच्या नोकरीसाठी अमेरिकेला गेला, तो पहिल्यांदा सुट्टीवर आला तेव्हाची ही गोष्ट. त्या वर्षांत बाहेरच्या मालासाठी दारं नुकतीच उघडली होती. आबिड्सच्या दुकानांच्या काचांमागे रोज काहीतरी नवीन दिसायचं आणि लोक उभे राहून नुसतं बघायचे. भावाने बॅगेतून आप्पांसाठी गाडीत बसवायचा एक सेट काढला. त्यात कॅसेट नाही, चांदीसारखी चकचकीत तबकडी घालायची. बरोबर दोन स्पीकर आणि सतार-तबल्याच्या जुगलबंदीची एक तबकडी. आप्पांनी ती दोन बोटांत कडेने धरली, उन्हात फिरवली. तिच्यावर सात रंग सरकले. "हिच्यावर रेघा कुठं आहेत?" ते म्हणाले. रेघांशिवाय गाणं राहतं कुठे, हे त्यांना काही केल्या पटेना.

भाऊ परत गेला आणि सेट बसवायचं काम माझ्याकडे आलं. मी तेव्हा चोवीस वर्षांची, एका ऑफिसात कॉम्प्युटरवर माहिती भरण्याचं काम करायचे, म्हणून घरातली सगळी यंत्रं माझ्या नावावर लागली होती. ऑफिसातल्या एकाने अफझलगंजच्या मागच्या गल्लीतला, रेडिओ दुरुस्त करणारा एक उस्ताद सांगितला. रविवारी सकाळी आप्पा आणि मी गाडी घेऊन गेलो.

उस्तादांचं दुकान म्हणजे एक टेबल, एक स्टूल आणि भिंतभर डबे. प्रत्येक डब्यावर उर्दूत काहीतरी लिहिलेलं. वय आप्पांच्याच आसपास, दाढी पांढरी, चष्म्याची एक काडी तांब्याच्या तारेने बांधलेली. आप्पांनी एका डब्यावरचं नाव मोठ्याने वाचलं, तशी उस्तादांनी मान वर केली.

"आप पढ़ लेते?"

"हौ. हमारी पूरी पढ़ाई इसीच में हुई."

मग सेट राहिला बाजूला आणि दोघे आपापल्या शाळांबद्दल बोलत बसले. मला वाटलं, आजचा दिवस गेला. पण चहा झाल्यावर उस्ताद उठले आणि त्यांनी जुना रेडिओ ज्या हलक्या हाताने बाहेर काढला, ते मी अजून विसरलेले नाही. मागच्या तारांचं रबर हात लावताच भुगा होऊन पडत होतं. त्यांनी एकेक तार नवी टाकली. डॅशबोर्डातलं भोक लहान पडत होतं, ते कानशीने थोडं थोडं घासून मोठं केलं. पुढच्या दोन दारांत स्पीकर बसवले. इंजिन सुरू केल्यावर सेटमधून शीळ यायला लागली, आणि एक्सिलरेटर दाबला की तीही वर चढायची. उस्तादांनी डॅशबोर्डाखाली डोकं घातलं, पत्र्याचा जुना रंग खरवडला आणि तिथे तारेचं टोक घट्ट कसलं. शीळ जागच्या जागी थांबली.

मग त्यांनी तबकडी आत सरकवली.

मी डावीकडच्या सीटवर होते. त्या आधी मी स्टिरिओ ऐकलाच नव्हता असं नाही, पण असा, दोन बाजूंच्या मधोमध बसून, नव्हता. सतार माझ्या दाराकडून आली आणि तबला पलीकडून. आवाजालाही जागा असते, तो कुठेतरी बसलेला असतो, हे मला त्या गाडीत कळलं. समोरच्या बंद दुकानाच्या पायरीवर बसलेला एक माणूस उठून गाडीजवळ आला आणि खिडकीतून आत डोकावून वाजवणारी माणसं शोधायला लागला.

आप्पांनी मात्र वाटेत दोनदा आवाज वाढवला आणि दोनदा कमी केला. घरी आल्यावर दार लावताना म्हणाले, "चांगलाय. पण तबला लांब वाटतो. शेजारच्या घरात वाजवल्यासारखा."

आठवडाभर त्यांचं हेच. उजवा स्पीकर नीट नाही. मी माझ्या सीटवरून ऐकायचे, मला सगळं ठीक वाटायचं. मी म्हणायचे, "आप्पा, वाजतोय की." ते म्हणायचे, "तुला डावीकडून काय कळणार? मी त्याच्या शेजारी बसतो." हे मला पटायचं. पुढच्या रविवारी आम्ही पुन्हा अफझलगंजला.

उस्तादांनी वाद घातला नाही. त्यांनी दोन्ही स्पीकरच्या तारांची अदलाबदल केली. आता तबला डावीकडून यायला हवा होता, आणि तसाच आला. आप्पा म्हणाले, "आता तबला झकास. पण सतार गेली." म्हणजे सेट निर्दोष, दोष असलाच तर उजव्या स्पीकरचा. उस्तादांनी डावीकडचा स्पीकर काढून उजवीकडे लावला, उजवीकडचा डावीकडे. तरी आप्पांचं तेच, उजवी बाजू मेलेली. मग त्यांनी मला आप्पांच्या जागेवर बसवलं आणि विचारलं, "बेटा, तुमको कैसा आ रा?" मला दोन्हीकडून लख्ख येत होतं.

उस्ताद स्टुलावर जाऊन बसले. हातात चिमटा होता, त्याने ते आपल्या गुडघ्यावर हळूहळू ठोकत राहिले. त्यांना आता आमचा कंटाळा आला असणार, असं मला वाटलं. मग ते उठले आणि आप्पांना म्हणाले, "साब, एक काम करो. अपनीच सीट पे बैठो, मगर उलटे. मुँह पीछे कू."

आप्पा हसले. पण बसले. साठीच्या जवळ आलेला माणूस, सीटवर गुडघे टेकून, मागच्या काचेकडे तोंड करून. उस्तादांनी खिडक्या वर केल्या आणि तबकडी सुरू केली. तारा त्यांनी आधीच पहिल्यासारख्या केल्या होत्या. सतार डावीकडे, तबला उजवीकडे.

आप्पांचा चेहरा मला दिसत होता. तो आधी खुलला आणि मग गोंधळला.

"तबला आला," ते म्हणाले. "एकदम जवळ आला. पण... सतार कुठं गेली?"

उस्तादांनी सेट बंद केला. त्यांनी दार उघडलं, खाली वाकून आप्पांच्या खांद्यावर हात ठेवला.

"बुरा नक्को मानो साब. खराबी मशीन में होती तो मशीन के पास रहती. ये तो आपके साथ साथ घूम रई. आप टेलिफोन कौनसे कान कू लगाते?"

आप्पांनी डावा हात डाव्या कानाशी नेला.

"हमेशा?"

"हमेशा."

"आज-कल में कान के डॉक्टर कू दिखाओ. टालो नक्को."

परत येताना मुसी नदीच्या काठावर आप्पांनी गाडी बाजूला घेतली. उजव्या हाताचा अंगठा आणि बोट उजव्या कानाजवळ नेऊन त्यांनी चुटकी वाजवली. पुन्हा वाजवली. मग डाव्या कानाजवळ. मला ते बघवेना, म्हणून मी नदीकडे पाहत राहिले. जुन्या रेडिओला एकच स्पीकर होता, तेव्हा सगळं एकाच ठिकाणाहून यायचं आणि डावा कान सगळं गोळा करायचा. दोन बाजू वेगळ्या झाल्या तेव्हाच एक कान नाही हे कळलं.

घरी आईला सगळं सांगितलं. ती जेवताना कायम आप्पांच्या उजव्या हाताला बसायची. तिने काही विचारलं आणि त्यांनी उत्तर दिलं नाही की ती ताट आपटायची, कधी दोन दोन दिवस अबोला धरायची. "मला वाटायचं हे मुद्दाम करतात," ती मला स्वयंपाकघरात म्हणाली. "किती बोलले मी या माणसाला." त्या संध्याकाळी तिने आपला पाट उचलला आणि त्यांच्या डाव्या हाताला मांडला.

डॉक्टरांनी कान तपासला. पडदा ठीक होता, आत काही साठलेलं नव्हतं. एकाच कानाची नस अशी हळूहळू जात असेल तर डोक्याच्या आत बघायला हवं, असं म्हणून त्यांनी स्कॅन लिहून दिला. तसली यंत्रं शहरात तेव्हा नवीनच आली होती. आत थंडगार, पांढरं, चपला बाहेर. आप्पांना अंगावरच्या सगळ्या धातूच्या वस्तू काढायला लावल्या. घड्याळ काढलं, अंगठी काढली. शेवटी त्यांनी चांदीचा करदोडा काढून आईच्या ओंजळीत ठेवला. तो कमरेवरून कधी उतरलेला आम्ही पाहिला नव्हता. आई तो मुठीत धरून बाकावर बसली आणि काचेपलीकडे आप्पा त्या मोठ्या बोगद्यात सरकत गेले. आत ठोकल्यासारखे आवाज व्हायला लागले.

नंतर डॉक्टरांनी काळ्या फिल्मा उजेडावर लावल्या. माझ्या वडलांचं डोकं आतून माझ्यासमोर होतं, अक्रोडासारखं, थरावर थर. भीती वाटायच्या आधी मला त्याचं नवलच वाटलं. माणूस न कापता हे दिसतं! उजव्या कानाच्या नसेवर चिंचोक्याएवढा एक पांढरा ठिपका होता. डॉक्टर म्हणाले, ही गाठ कॅन्सरची नाही, पण वाढत राहते. वाढली की मेंदूला दाबते, आणि मग काढणं अवघड होतं. तुम्ही लवकर आलात. मग त्यांनी विचारलं, "चक्कर नाही, डोकेदुखी नाही. तुम्हाला कळलं कसं?"

आप्पा म्हणाले, "एका रेडिओवाल्यानं सांगितलं."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. उस्तादांनी सीटवर उलटं बसवल्याची सगळी हकीकत आप्पांनी सांगितली. डॉक्टरांनी मधे एकदाही तोडलं नाही. शेवटी म्हणाले की इतकी सोपी आणि इतकी बिनचूक परीक्षा त्यांना स्वतःला सुचली नसती.

ऑपरेशन सकाळी सुरू झालं आणि दुपार कलल्यावर संपलं. गाठ पूर्ण निघाली. उजवा कान कायमचा गेला, तो तसाही जायचाच होता. चेहऱ्याची उजवी बाजू काही महिने सैल राहिली. डोळा मिटायचा नाही, तर आई त्यात थेंब घालायची आणि ओली पट्टी ठेवायची. चालताना तोल जायचा. गाडी चालवायला डॉक्टरांनी मनाई केली, म्हणून मी शिकले. मी चालवायला बसले आणि आप्पा माझ्या डावीकडे, तर त्यांचा बरा कान खिडकीकडे आणि मेलेला माझ्याकडे. मी बोलतेय हेच त्यांना कळायचं नाही. शेवटी ते माझ्या मागे, मागच्या सीटवर उजवीकडे बसायला लागले आणि आई त्यांच्या डाव्या हाताला. आता त्यांना आम्हा दोघींचंही ऐकू यायचं.

चालण्यात जरा दम आल्यावर आप्पांनी मला अफझलगंजला न्यायला सांगितलं. जाताना पेढ्यांचा पुडा घेतला. उस्ताद एका टेपरेकॉर्डरवर काम करत होते. आम्हाला पाहून त्यांनी विचारलं, "क्या हुआ साब, बहुत दिन नहीं आए? तबला आया?"

आप्पा उभ्याउभ्याच सगळं सांगायला लागले. ऑपरेशनपासून पुढचं मी सांगितलं. उस्तादांनी तारांना टाका द्यायची तापलेली डाखाची कांडी बाजूला ठेवली आणि तिची पिन भिंतीतून काढली.

"मैं तो बस तार देख रा था," ते हळूच म्हणाले. "आवाज कहाँ तक जा रई, वहाँ तक देखना पड़ता. बस."

मग त्यांनी आप्पांना आपल्या स्टुलावर बसवलं, चष्मा कपाळावरून खाली ओढला आणि दोन्ही हातांनी त्यांचं डोकं हलकेच डावीकडे वळवलं. कानामागचा व्रण अजून गुलाबी होता. उस्तादांनी तो वरपासून खालपर्यंत निरखला, अगदी जवळून, श्वास रोखून. आप्पा डोळे मिटून बसले होते. गल्लीतून हातगाडी गेली, कोणीतरी उस्तादांना हाक मारली. त्यांनी लक्ष दिलं नाही.

"टाँका साफ है साब," ते अखेर म्हणाले. "बहुत साफ है. जिसने लगाया, अल्लाह उसके हाथ सलामत रखे."

आप्पांनी पुडा सोडला आणि पहिला पेढा त्यांच्या तोंडात घातला.